खिडक्या बंद ठेवाव्यात

२ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

चार कागद फाडून झाले. 'कशी आहेस' लिहिते आणि थांबते, कारण तीन वर्षांत ते विचारलं नाही आणि आता काम पडल्यावर विचारायचं म्हणजे मलाच लाज वाटते. म्हणून ऑफिसच्या सवयीने आधी विषय लिहिते. विषय : बाबांच्या मृत्यूच्या दाखल्यातलं कारण बदलण्याबाबत. सोबत : अर्ज, एक प्रत. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे तुझी सही हवी. वारसांपैकी एकाची सही चालत नाही, दोघींची लागते.

आता मजकूर.

आमच्या आरोग्य विभागात नव्या डॉक्टरबाई आल्यात. जुने मोठे साहेब निवृत्त झाले. बाई साधारण तुझ्याच वयाच्या. चपला टेबलाखाली काढून, खुर्चीवर मांडी घालून फायली वाचतात, आणि वाचताना स्वतःशीच हं-हं करतात. आल्याच्या तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातले सगळे मृत्यू काढून द्या. जन्म-मृत्यूचं टेबल अजून माझ्याकडेच आहे. मी कपाट उघडून काढून दिले. त्यातल्या नऊ दिवसांत सदतीस माणसं गेलेली. एरवी आपल्या शहरात नऊ दिवसांत चौदा-पंधरा जातात. बाईंनी कागद टेबलभर पसरले आणि एकेका रकान्यावरून बोट फिरवत गेल्या. हृदयक्रिया बंद. वृद्धापकाळ. हृदयक्रिया बंद. श्वसनाचा विकार. हृदयक्रिया बंद. शेवटी चष्मा काढून म्हणाल्या, "हृदय काय, सगळ्यांचंच बंद पडतं. कशाने पडलं ते कुणीच लिहिलेलं नाही."

बाबांचा कागद चोविसावा होता. त्यावर बाईंचं बोट आलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते.

तू त्या दिवसांत इथे नव्हतीस. कचराडेपोला आग लागली होती, ती दहा दिवस विझली नाही. वरून पाणी मारायचे आणि ती आतून धुमसत राहायची. त्यात उन्हाळा असा की रस्त्याचं डांबर चपलेला यायचं. पण शहर भाजतंय असं वाटायचं नाही, हीच मजा. धुरामुळे सगळं मऊ दिसायचं. सूर्याकडे सरळ बघता यायचं. माणसांच्या सावल्या पडेनाशा झाल्या. दुपारी रस्त्यात उभं राहिलं तर आपण तळ्याच्या तळाशी उभे आहोत आणि वर कुठेतरी पाण्याचा पृष्ठभाग आहे, असं वाटायचं. आणि त्या सगळ्यातून भोंग्याची गाडी हळूहळू फिरायची : 'नागरिकांनी खिडक्या-दारं बंद ठेवावीत.' आवाज माझा, एकदा भरून ठेवलेला. साहेबांच्या मते माझा आवाज स्पष्ट होता आणि फुकट होता.

बाई म्हणतात, यातले निम्म्याहून जास्त उष्णतेने गेले. पण विभागीय कार्यालय म्हणतं, तुमच्या शहरात उष्णतेने एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही, मग उपाय कशावर करायचा? तेव्हा नोंद दुरुस्त करायची आहे. घरोघर जाऊन, नातेवाइकांना विचारून, एकेक कागद. आपल्या घरापासून सुरुवात करणं बरं दिसेल, असं मला वाटलं.

हल्ली मला एक स्वप्न पडतं. बाबांची खोली पाण्याने छतापर्यंत भरलेली असते आणि बाबा छताजवळ उताणे तरंगत असतात, हात पसरून, पोहायच्या तलावावर मुलांना शिकवायचे तसे. भिंतींवर पाण्याची जाळी हलत असते. ते मला म्हणतात, मान सैल सोड, पाणी धरतं आपल्याला. मी दारातच उभी असते. माझे पाय कोरडे असतात.

सही करून पाठव. तिकीट लावलेलं पाकीट सोबत आहे.

ताई


२५ फेब्रुवारी

भिंगरी,

पाकीट आलं नाही. टपालाला उशीर होत असेल असं मी धरून चालले आहे.

बाई आणि मी रोज चार घरं करतो. बाईंच्या हातात तापमापक, माझ्या हातात यादी. लोक दारात उभं ठेवत नाहीत, आत बोलावतात. 'तुम्ही पोहायच्या सरांची मुलगी ना?' असं म्हणतात. अर्ध्या शहराला बाबांनी पाण्यावर पडून राहायला शिकवलंय. एक दाढीवाला वकील मला म्हणाला, 'सरांनी मला कमरेखाली हात देऊन धरलं होतं, आणि कधी काढला ते मला कळलंच नाही.' मग त्याने आपल्या आत्याच्या कागदावर सही केली.

सगळे करतात असं नाही. एका मुख्याध्यापिकेचा मुलगा आहे, मोठ्या हुद्द्यावरचा. त्याने नम्रपणे नाही म्हटलं. म्हणाला, आई म्हातारपणाने गेली हेच बरं आहे. उन्हाने गेली म्हटलं तर उद्या कुणीही विचारेल की तू कुठे होतास. जिना उतरताना बाई म्हणाल्या, विचित्र माणूस आहे. मला तो फार विचित्र वाटला नव्हता.

काल बाबांच्या खोलीवर गेलो. आता तिथे एक जोडपं राहतं. दोघं छापखान्यात कामाला. त्यांनी आपला निळा रंग काढून पिवळा दिलाय. बाईंनी तापमापक पलंगाच्या उशाशी ठेवलं. फेब्रुवारीत, दुपारी दोनला, छत्तीस. बाहेर एकोणतीस होतं. वर पत्रा आणि खाली बेकरीची भट्टी, म्हणजे खोलीच पावासारखी भाजून निघते. इतकी वर्षं आपण त्या घरात राहिलो आणि आपल्याला वाटायचं की उन्हाळा सगळ्यांकडे असाच असतो.

बेकरीवाला वर आला. केस पांढरे झालेत, पण भुवयांवर पीठ तसंच. बाबा वारले त्या दिवसाबद्दल बाईंनी त्याला विचारलं. तो म्हणाला, दुपारी बाबा जिन्यात आले होते, भिंतीला टेकून फोनवर बोलत होते, मग परत वर गेले, त्यानंतर दिसले नाहीत. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बेकरीवाल्या काकांची दिवसांची गल्लत होते.

त्याने माझ्याकडे बघितलं. खाली उतरताना एक गरम पाव कागदात बांधून दिला, लहानपणी द्यायचा तसा.

अर्ज पाठव गं. शेवटी एक सहीच तर आहे.

ताई


१६ मार्च

भिंगरी,

तुझं पाकीट आज आलं. ऑफिसात उघडलं नाही. ग्रंथालयामागे ते दगडी बाक आहे, तिथे बसून उघडलं. अर्ज तसाच, सही नाही. मागच्या बाजूला तुझी एक ओळ. 'आधी सांग, बाबांनी त्या दिवशी तुला फोन केला होता का?'

हाच प्रश्न तू तेव्हा विचारला होतास. दिवसकार्य आटोपून पाहुणे गेले होते, मी स्वयंपाकघरात कप धूत होते. तू मागून विचारलंस आणि मी पाठमोरीच 'नाही' म्हटलं. नळ चालू होता. मी वळले तोवर तू बाहेरच्या खोलीत बॅग भरत होतीस. मला वाटलं, तुला माझ्या ऑफिसचा राग आलाय. तू म्हणालीसही तसंच, की सगळ्या शहराला सूचना देत फिरतेस आणि घरात काय चाललंय ते कळत नाही. मग तीन वर्षं काही नाही.

माझ्यावर इतका अविश्वास का, असं लिहून हे पत्र संपवायचं ठरवून बसले होते. लिहिलंही. ते वर खोडलेलं दिसतंय ते तेच.

आत्ता हात चालत नाहीये. उद्या लिहिते.


१९ मार्च, त्याच कागदावर

उद्याचे तीन दिवस झाले.

केला होता.

बारा वाजून गेले होते. ऑफिसात मी एकटीच. साहेब विभागाच्या बैठकीला गेलेले. बाकीचे जेवायला. बाहेर तो दुधी उजेड. बाबा म्हणाले, "आत्ता तू गल्लीतून गेलीस. सकाळपासून चौथ्यांदा."

मी हसले. म्हटलं, आवाज नीट येतो का? ते म्हणाले, फार छान, खालचा बेकरीवालापण म्हणाला की ताईचा आवाज लागतो बरं का. मग म्हणाले, "तू सांगितल्याप्रमाणे सगळ्या लावल्यात. दाराखाली ओला टॉवेलपण घातलाय. पण आत फार कोंडलंय गं. स्वयंपाकघरातली एक थोडीशी उघडू का?"

मी म्हटलं, "नको बाबा. धूर आहे. तुमची छाती आधीच नाजूक. सहापर्यंत कळ काढा, मी येतेच."

"बरं," ते म्हणाले. "तू म्हणतेस तर."

एवढंच बोलणं झालं. आता जे सांगते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्यासमोर संगणकावर एक पत्रक अर्धवट टाइप केलेलं होतं. उष्णतेचा इशारा. सकाळी हवामान खात्याकडून आकडे आले होते, त्यावरून मीच मसुदा करत होते. फोन आला तेव्हा शेवटची ओळ होती, 'वृद्ध व आजारी व्यक्तींनी बंद खोलीत'. 'राहू नये' एवढं टाइप करायचं राहिलं होतं. 'बंद खोलीत' या शब्दांपुढे ती छोटी रेघ लुकलुकत होती, आणि तिच्याकडे बघत मी बाबांना खिडकी उघडू नका म्हणून सांगितलं.

मला ते एकमेकांना जोडताच आलं नाही, भिंगरी. धुराची फाईल हिरवी होती. उष्णतेची पिवळी. धुराचं पत्रक निघालं होतं, त्याच्यावर सही होती, ते खरं होतं. उष्णतेच्या पत्रकावर साहेबांची सही व्हायची होती. ती दोन दिवसांनी झाली. तोवर वारा फिरला होता.

सहाला मी गेले. हाक मारली, मग माझ्या किल्लीने उघडलं. आतली हवा अंगावर आली ती अजून कधीकधी कपाट उघडताना येते. बाबा फरशीवर होते. गारव्यासाठी झोपले असतील. उताणे, हात दोन्ही बाजूंना पसरलेले, तळवे वर. चेहरा शांत होता. क्षणभर मला खरंच वाटलं की ते तरंगतायत आणि हाक मारली तर बुडतील. म्हणून मी हाक मारली नाही. पहिलं काम काय केलं असेल तर सगळ्या खिडक्या उघडल्या. धूर आत आला. फारसा आलाही नाही.

डॉक्टरांनी विचारलं, हृदयाचा त्रास होता का? मी हो म्हटलं. थोडा होताच. त्यांनी तसं लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी ती नोंद माझ्याच हाताने झाली.

आता तुला माहीत झालं. सही कर किंवा करू नकोस. अर्ज परत पाठवते आहे, पण सोबतच्या परतीच्या पाकिटावर या वेळी तिकीट लावलेलं नाही. मागे लागल्यासारखं वाटायला नको.

ताई


८ एप्रिल

भिंगरी,

तुझं काही आलं नाही. येईल असं धरून मी लिहीत नाहीये. पण जे झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

परवा नगरपालिकेत सभा झाली. वरच्या मजल्यावरचं ते लांब सभागृह. पंखे फिरत होते आणि कुणाच्याच केसांना वारा लागत नव्हता. समोर अध्यक्षबाई, शेजारी विभागातून आलेले साहेब, त्यांच्या पुढ्यात पाण्याच्या तीन बाटल्या. आमच्या डॉक्टरबाईंनी सगळं मांडलं. एकोणीस घरांनी सह्या दिल्या होत्या. खोल्यांची तापमानं, पत्र्यांची घरं, धुराचे दिवस, सगळे तक्ते भिंतीवर. विभागाचे साहेब शांतपणे ऐकत होते. वाईट माणूस नव्हता तो. त्याने एवढंच विचारलं, की ही सगळी माणसं साठीच्या पुढची, आजारी. ती उष्णतेने गेली, आणि तुमच्या हातून काही राहिल्यामुळे गेली, हे कशावरून?

बाईंनी पुन्हा तक्ता दाखवायला छडी उचलली. मी मागे, इतिवृत्त लिहायला बसले होते. माझं काम लिहायचं, बोलायचं नाही. आणि मी उभी राहिले, हे मला उभी राहिल्यावर कळलं. आवाज निघाला, आणि तोच निघाला, भोंग्यावरचा. लोक माना वळवून बघायला लागले. त्यांना तो ओळखीचा होता.

मी फोनचं सांगितलं. बाबांनी काय विचारलं आणि मी काय म्हटलं, शब्दाला शब्द. मग म्हटलं, "धुराचं पत्रक एका टेबलावरून निघालं आणि उष्णतेचं दुसऱ्या टेबलावर सहीसाठी पडून राहिलं. दोन्ही टेबलं माझीच होती."

माझ्या हातून पेन खाली पडलं होतं, ते शेजारच्या कारकुनाने उचलून माझ्या वहीवर ठेवलं. आणि शेवटच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आपले जुने मोठे साहेब. बाईंनी त्यांना आवर्जून बोलावलं होतं, पण ते येतील असं मला वाटलं नव्हतं. काठी टेकत उठले. म्हणाले, "सही माझी राहिली होती. हिने मला बैठकीत दोन वेळा निरोप पाठवला. मी म्हटलं, आल्यावर बघू." आणि खाली बसले.

निरोप पाठवल्याचं माझ्या लक्षातच नव्हतं, भिंगरी. तीन वर्षांत एकदाही आठवलं नाही. आपण आपल्यावरचा आरोपच घट्ट धरून बसतो, त्याच्या आसपासचं विसरतो.

मग अध्यक्षबाई बोलल्या. ठराव काय झाला ते थोडक्यात लिहिते, कारण ऑफिसची भाषा तुला चालत नाही. धूर आणि ऊन यांचं इथून पुढे एकच टेबल, एकच पत्रक. आकडा ठरल्या रेषेवर गेला की ड्यूटीवरच्या माणसाने कुणाच्याही सहीची वाट न बघता ते सोडायचं. 'घरात बंद राहा' एवढंच सांगून थांबायचं नाही, कुठे जायचं तेही सांगायचं. ग्रंथालयाचं तळघर, शाळा नंबर तीनचा हॉल आणि तलावाच्या इमारतीचा वरचा मजला, या तीन जागी गारवा आणि हवा गाळायची यंत्रं. ती यंत्रं विभाग देणार. एकट्या राहणाऱ्या माणसांची यादी आणि दिवसातून दोन फोन. कचऱ्याचा डोंगर फोडून त्याचे वेगळे ढीग करायचे. त्यासाठी माणसं वाढवली. विभागाचे साहेब जाताना माझ्यापाशी थांबले आणि मान हलवून गेले.

एकोणीस कागद दुरुस्त झाले. बाबांचा नाही. त्यावर एकच सही आहे. मी कुणाकडे सवलत मागितली नाही. नियम माझ्याच टेबलावरचा आहे.

रात्री छान झोप लागली. स्वप्न पडलं नाही. थोडं चुकल्यासारखंही वाटलं.

ताई


११ मे

भिंगरी,

पाच दिवस घरी फक्त अंग टाकायला आले. आज सकाळपासून वारा आहे, म्हणून बसले.

कचराडेपोचा एक ढीग पुन्हा पेटला. या वेळी बाजूचे पेटले नाहीत, पण ऊन तसंच होतं. पत्रक सकाळी सव्वासातला सोडलं. मी सोडलं. बोट बटणावर ठेवून सवयीने साहेबांच्या खोलीकडे बघितलं, मग दाबलं. आवाज माझाच आहे. मी नको म्हटलं होतं, दुसऱ्या कुणाचा घ्या म्हटलं होतं. बाई म्हणाल्या, लोक ज्या आवाजाने आत बसले, त्याच आवाजाने बाहेर येतील. मला ते पटलं नाही, पण तसंच झालं.

ग्रंथालयाचं तळघर तुला आठवतं? जुनी वर्तमानपत्रं ठेवायचे ते. आता तिथे नव्वद खाटा आहेत. उजेड हिरवट, यंत्रं घूं करत असतात, आणि म्हातारी माणसं येतात, पाणी पितात, थोडा वेळ एकमेकांकडे परक्यासारखी बघतात आणि मग एकेक करून झोपी जातात. दुपारी तीनला सगळा हॉल झोपलेला असतो. असं दृश्य मी कधी बघितलं नव्हतं. नव्वद माणसांचे श्वास हळूहळू एका लयीत येतात. कुणी झोपेत हसतं. एक निवृत्त बसचालक झोपेत पायाने ब्रेक दाबतो. मी फोनांची यादी घेऊन जिन्यात बसते आणि हलक्या आवाजात एकेकाला विचारते, काका, कसं वाटतंय, पाणी प्यायलात का, गाडी पाठवू का? अर्धे जण म्हणतात, तू आधी तुझं नाव सांग. पलीकडून पुन्हा पुन्हा आपलंच माणूस बोलतंय असं मला वाटत राहतं आणि मग कोण आई, कोण काका, कोण बाबा, हे एकमेकांत मिसळून जातं.

एक टोपीवाले आजोबा होते, ते यायला तयारच नव्हते. तीन फोन झाले. शेवटी कळलं की त्यांच्याकडे एक मासा आहे, आणि तो एकटा राहिला तर पाणी तापेल. म्हटलं, माशालाही आणा. ते काचेचं भांडं मांडीवर धरून गाडीतून आले. वाचायच्या टेबलावर ते ठेवलं आहे. झोप न येणारे लोक त्याच्याकडे बघत बसतात आणि बघता बघता झोपतात. बाई म्हणाल्या, औषधांच्या यादीत मासा घालायला हवा.

सगळं असंच गोड नाही. परवा एका शिंपीणबाईंनी सकाळचा फोन उचलला, ठीक आहे म्हणाल्या. दुपारचा उचलला नाही. मी डॉक्टरबाईंना घेऊन गाडीने गेले. वीस मिनिटांत गेले. दार फोडलं. यंत्राच्या सुईखाली अर्धी बाही तशीच होती. डॉक्टरबाईंनी गुडघ्यावर बसून नाडी बघितली, मग तिथेच, त्या कपड्यांच्या ढिगाशेजारी बसून कागद लिहिला. कारण : उष्णता. पुढे : धूर, बंद खोली. पूर्ण लिहिलं, एकही शब्द न गाळता. मी वाचलं आणि मला रडू फुटलं. बाई मला थांबवायला आल्या नाहीत.

पाच दिवसांत नऊ माणसं गेली. एरवी आठ जातात. बाई आकडा बघून म्हणाल्या, यात आनंद मानायचा की नाही ते मला कळत नाही. मी म्हटलं, मलापण. आम्ही दोघी हॉलच्या कोपऱ्यात रिकाम्या खाटांवर आडव्या झालो आणि चार तास झोपलो.

हे सगळं तुला का सांगते? तू काही विचारलेलं नाहीस. पण दिवसभर कुणी पलीकडे आहे का, हे विचारायची सवय लागली आहे.

ताई


२९ मे

भिंगरी,

तुझं पत्र आलं. सात पानं. तुझ्या अक्षराची मला आठवण नव्हती. वाचताना कळलं की होती.

मी ते दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचलं नाही. त्यातलं एक वाक्य मी कामावर जाता-येता मनात म्हणत असते : 'मीच त्यांना म्हटलं होतं, ताईला विचारा, तिला त्यातलं कळतं.'

म्हणजे बाबांनी तुला आधी फोन केला होता. साडेअकराला. तुलाही सांगितलं की ताई गल्लीतून गेली, आवाज छान लागलाय. तुलाही विचारलं, खिडकी उघडू का. आणि तू इतक्या लांबून काय सांगणार, म्हणून माझ्याकडे धाडलंस. फोन आला होता हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. स्वयंपाकघरात तू विचारलंस ते मला पकडायला नाही. मी 'हो' म्हटलं असतं तर तू तुझं सांगणार होतीस, आणि आपण दोघी तिथेच फरशीवर बसून रडणार होतो. मी नळाकडे तोंड करून 'नाही' म्हटलं. मग तुला तुझं सांगायला जागाच उरली नाही. तू लिहितेस, खिडकीबद्दल तुला माझा राग कधीच नव्हता, त्या एका शब्दाचा होता. तो अजूनही आहे, असंही लिहितेस. बरोबर आहे. तीन वर्षं ते ओझं तू एकटीने वाहिलंस आणि इकडे मला वाटत होतं की ते फक्त माझ्याकडे आहे.

मी तुला एवढंच सांगते : साडेअकराला तुला काहीच कळणं शक्य नव्हतं. हे मी समजूत घालायला म्हणत नाही. तुझ्यासमोर पत्रक नव्हतं.

अर्ज मिळाला. सही फुलीच्या जरा वर झाली आहे, पण चालेल. आज सकाळी बाईंनी शिक्का मारला आणि नोंद मी केली. कारणाच्या रकान्यात जे लिहायचं ते लिहिलं. विसावा कागद. लिहून झाल्यावर मी थोडा वेळ टेबलाशी तशीच बसले, आणि मग एका बाळाच्या जन्माची नोंद करायला आलेले आई-बाप समोर उभे होते, त्यांना म्हटलं, या, बसा.

बारा जूनच्या गाडीने येतेस म्हणालीस. ती सकाळी सहा चाळीसला येते, तीच धर, दुपारची घेऊ नकोस. कुठे राहणार ते तू लिहिलं नाहीस आणि मी विचारत नाही. तुझ्यासाठी आतली खोली झाडून ठेवते. नाही आलीस तरी खोली स्वच्छ राहील.

मी फलाटावर असेन. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, घरापर्यंत गप्प चालू. बॅग मात्र मला धरू दे.

ताई